‘ग्लूटेन-फ्री’ छापलेल्या कांदा-लसूण मसाल्यात गव्हाचे पीठ असल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग,
पुणे

विषय : निर्यातीच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावरील ‘ग्लूटेन-फ्री’ हा दावा खोटा असल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहते आणि आपल्या कंपनीचा कांदा-लसूण मसाला इथल्या भारतीय किराणा दुकानातून नियमितपणे घेत आले आहे. या पाकिटाच्या दर्शनी बाजूस हिरव्या वर्तुळात ‘ग्लूटेन-फ्री’ असे ठळक छापलेले आहे, आणि त्याच पाकिटातल्या मसाल्यात गव्हाचे पीठ मिसळलेला हिंग वापरलेला आहे. माझ्या शाळकरी मुलीला सिलिअ‍ॅक आजार असल्यामुळे ही बाब आमच्यासाठी अत्यंत गंभीर आहे. या आजारात गहू, बार्ली किंवा राय (गव्हासारखे एक धान्य) यांतले ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करू लागते. त्यावर ग्लूटेन आयुष्यभर पूर्णपणे वर्ज्य करणे हाच आज एकमेव उपाय आहे.

आपला मसाला आमच्या घरी मुख्यत्वे ज्या पदार्थात पडतो, तो आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते. अमेरिकेत ‘स्लॉपी जो’ नावाचा पदार्थ घराघरांत आणि शाळांच्या उपाहारगृहांत खाल्ला जातो. आंबटगोड टोमॅटोच्या रसात शिजवलेला खिमा गोल बनमध्ये भरून देतात. ओळखीची तुलना द्यायची तर आपला खिमा-पावच, फक्त थोडा गोड. १९६९ पासून ‘मॅनविच’ या नावाने त्याचा डबाबंद सॉसही मिळतो आणि सुक्या मसाल्याच्या पुड्याही दुकानात मिळतात, पण अशा काही पुड्यांमध्ये दाटपणासाठी गव्हाचे पीठ घातलेले असू शकते. मुलीच्या वर्गातली सगळी मुले जे खातात ते तिलाही निर्धास्तपणे खाता यावे, म्हणून मी हा पदार्थ घरीच करू लागले. टर्कीचा खिमा, बारीक चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची परतून घ्यायची, टोमॅटो प्युरी, थोडी मोहरीची पूड, व्हिनेगर आणि गूळ घालायचा, आणि कलथा ओढला की कढईचा तळ क्षणभर उघडा दिसेल इतका रस आटू द्यायचा. दाटपणा आटवल्यानेच येतो, पिठाची गरजच पडत नाही. तिखट, लसूण आणि कांद्याची पूड वेगवेगळी घालण्याऐवजी आपला मसाला दोन चमचे घातला की चव अगदी जमून येते. बाकीच्या प्रत्येक जिनसाची मी खातरजमा केलेली आहे : रसात घालायचा वुस्टरशायर सॉस (आंबट-खारट इंग्रजी सॉस) बार्लीच्या माल्ट व्हिनेगरचा नसलेला, बन ग्लूटेनविरहित, आणि ते भाजायला तवा वेगळा, कारण हे बन न भाजता भरले तर हातातच भुगा होतो.

निदानानंतर पथ्य सुरू झाल्यावर मुलीच्या रक्तातील संबंधित अँटीबॉडीचे प्रमाण उतरत गेले होते. यंदाच्या तपासणीत ते पुन्हा वाढलेले आढळले. पोटदुखी आणि थकवाही परतला. तेव्हा आहारतज्ज्ञांनी स्वयंपाकघरातील सगळी पाकिटे घेऊन बोलावले आणि एकेका पदार्थाचा घटकानुसार हिशेब मांडला. आपल्या पाकिटाच्या मागे आयातदाराचा पांढरा इंग्रजी स्टिकर आहे. त्यावर घटकांमध्ये केवळ ‘हिंग’ असे लिहिलेले आहे. आहारतज्ज्ञांच्या सूचनेवरून मी तो स्टिकर कोमट पाण्याने भिजवून सोलला. त्याखाली आपलीच मूळ छपाई निघाली : ‘संमिश्र हिंग : खाद्य डिंक, गव्हाचे पीठ, हिंग’. त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत, ‘यात गहू आहे’ अशी अ‍ॅलर्जीची सूचना होती. ज्या एका ओळीमुळे हे पाकीट मी दुकानातच परत ठेवले असते, तीच ओळ स्टिकरखाली झाकलेली होती. आहारतज्ज्ञांना या मसाल्याखेरीज संशय घ्यावा असे दुसरे काहीही सापडले नाही.

शुद्ध हिंग अत्यंत उग्र असल्याने तो पिठात मिसळून विकतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. तांदळाच्या पिठातला हिंगही बाजारात सहज मिळतो. ज्यांनी पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचे ठरवले, त्यांनी कोणता हिंग विकत घ्यायचा हेही ठरवायला हवे होते.

‘मसाल्यात हिंग चिमूटभर असतो, त्यातले पीठ ते किती असणार’ असे उत्तर मला कृपया देऊ नये. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये केलेल्या नियमानुसारही ‘ग्लूटेन-फ्री’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन ही मर्यादा आहे. एक किलो मसाल्यात केवळ ५ ग्रॅम गव्हाचे पीठ गेले असे धरले, तरी त्यात ग्लूटेन ४०० मिलिग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे मर्यादेच्या वीसपट. शिवाय अमेरिकेच्या नियमात गव्हाचे साधे पीठ हा घटक असलेल्या पदार्थावर हा दावा करण्यासच मनाई आहे, मग मोजलेले प्रमाण कितीही असो. गव्हासारख्या अ‍ॅलर्जीकारक घटकाचा लेबलवर स्पष्ट उल्लेख करणे तिथे २००४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. भारतातही २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्यांची सूचना छापावी लागते आणि ती आपण छापलीही आहे. म्हणजेच मागची बाजू लिहिणाऱ्याला जे माहीत होते, ते पुढची बाजू रंगवणाऱ्याला कोणी सांगितले नाही, किंवा सांगूनही ते छापले गेले.

मी दुकानदाराकडे आणि आपल्या इथल्या वितरकाकडेही विचारणा केली. वितरकाने स्टिकरची जबाबदारी आयातदारावर आणि आयातदाराने मजकुराची जबाबदारी आपल्यावर ढकलली. स्टिकरबाबत त्यांनी आपसांत काय ते ठरवावे. परंतु दर्शनी बाजूवरचे हिरवे वर्तुळ स्टिकरवर नसून पाकिटाच्या प्लास्टिकवरच छापलेले आहे, आणि ती छपाई आपल्या कंपनीची आहे.

माझी मागणी पाकिटाच्या पैशांची नाही. हा दावा छापलेला माल अमेरिकेतील दुकानांतून तातडीने परत घ्यावा आणि आधीच विकल्या गेलेल्या पाकिटांसाठी दुकानांत दर्शनी ठिकाणी जाहीर सूचना लावावी, ही माझी पहिली आणि मुख्य मागणी आहे. हे पाकीट या क्षणी आणखी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, केवळ त्या वर्तुळावर विश्वास ठेवून, उघडले जात असेल. त्याचबरोबर आपल्या इतर ज्या मसाल्यांवर हाच दावा आहे, त्यांत कोणता हिंग वापरला जातो आणि ग्लूटेनची चाचणी प्रत्येक बॅचची होते की नाही, हे मला लेखी कळवावे. मसाला गव्हाच्या पिठाच्या हिंगाचाच ठेवायचा असेल तर तसा ठेवा, पण मग पाकिटावरून तो दावा काढून टाका.

पाकिटाच्या दोन्ही बाजूंची, स्टिकर काढण्यापूर्वीची व नंतरची, बॅच क्रमांक आणि उत्पादन दिनांक स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उरलेला मसाला मी बंद डब्यात जपून ठेवला आहे. तपासणीसाठी हवा असल्यास आपल्या खर्चाने मागवून घ्यावा. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे मी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे सादर करीन.

कळावे,
आपली एक ग्राहक,
एडिसन, न्यू जर्सी

सोबत : पाकिटाची छायाचित्रे, खरेदीची पावती