गाडीतल्या 'डायरेक्ट' वायरिंगचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात जळालेल्या गाडीचा मोठा रंगीत फोटो, खाली 'शॉर्टसर्किट झाल्याचा प्राथमिक अंदाज' आणि शेजारच्या चौकटीत सल्ला : गाडीत आग विझवायचा सिलिंडर ठेवा. ठेवतो. पण त्या गाडीच्या वायरींना शेवटचा हात कोणी लावला होता, हे आपल्या बातमीदाराने कुणाला विचारलं का?

उन्हाळ्यात माझ्या जुन्या गाडीचा पेट्रोल पंप गेला. मुंबई नाक्याकडच्या एका गॅरेजवाल्याने बाजारातला पंप टाकून दिला. गाडी पळायला लागली. नंतर द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीत (ती आता नाशिककरांच्या पंचांगातच आहे) इंजिन बंद पडलं, तरी मागच्या सीटखालून घूंऽऽ आवाज चालूच.

घरी येऊन सीट उचलली. कंपनीचं सॉकेट कापून टाकलेलं. त्या जागी स्पीकरला लावतात तसली बारीक वायर, तांबं नुसतं पिळलेलं, वर काळी पट्टी. तिचा डिंक पाघळून बोटांना चिकटत होता. पुढे वायर पत्र्याच्या भोकातून नेलेली, भोकाला रबर नाही, त्यामुळे कडेवर घासून तिचं कातडं सोलत आलेलं. किल्लीच्या स्विचमागून थेट लाइन. मध्ये ना रिले (पंपाची लाइन आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), ना फ्यूज. जाब विचारला तर महाशय म्हणतात, "काका, डायरेक्ट दिलंय, आता पंप कधीच बंद पडणार नाही!"

अहो, तीच तर भीती आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिन थांबलं की गाडीचा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे कंट्रोल युनिट, रिलेमार्फत पंपाची लाइन तोडतं. अपघातात पाइप फुटला तरी पंपाने पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून. आमच्या कारागिराने तो पहारेकरीच घरी पाठवला. वर ऐकवलं, "बारा व्होल्टला काय होतंय, शॉक थोडाच बसतो?" शॉक बसत नाही हो, वायर तापते. पंपाला पाच-सात अँपिअर लागतात, पण सोललेली वायर पत्र्याला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. पंधराचा फ्यूज असता तर तो उडून विषय तिथेच संपला असता. फ्यूज नाही म्हटल्यावर वायरच फ्यूज होते, तीही टाकीजवळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचून राहते. आणि या करामतीचे बिलात 'वायरिंग' म्हणून वेगळे पैसे!

पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा एवढं छापा : इंजिन चालू न करता किल्ली फक्त 'ऑन' करा आणि मागच्या सीटवर कान द्या. बहुतेक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि गप्प होतो. गप्प झाला नाही, तर सीट उचलून बघा.

जाता जाता : आमच्या गल्लीतल्या डीपीच्या उघड्या दाराबद्दल मागे पाठवलेलं पत्र आपण छापलं नाहीत. दार अजून उघडंच आहे, मुलांचा चेंडू आत जातो. तिथेही काही पेटल्यावरच फोटोग्राफर पाठवणार का?

आपला,
एक निवृत्त वायरमन, सिडको, नाशिक