जुनी नाणी घासू नका!

महोदय,

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की देव्हाऱ्यातले जुने रुपये चिंच, राख नाहीतर पितांबरीने लखलखीत होतात आणि तिथेच त्यांची किंमत उतरते. लिलावात मोल असते ते मूळ झळाळीचे आणि वर्षानुवर्षे चढलेल्या काळपट छटेचे. घासलेल्या नाण्यावर भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. मग यादीत 'साफ केलेले' अशी नोंद पडते, जाणकार बोली आखडती घेतात. माती लागली असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडावर टिपावे, बस्स. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवल्यास वर हिरवट चिकटा धरतो, म्हणून मायलरचीच (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटे घ्यावीत.

खऱ्याखोट्याची पहिली पारख तराजूवर. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया साधारण ११.६६ ग्रॅमचा. वजन बरेच कमी भरले किंवा अंगावर बारीक खड्डे दिसले, की ओतीव नक्कल समजावी. १९११चा पंचम जॉर्जचा 'डुकराचा रुपया' (राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून पुढच्या वर्षी नक्षी बदलली!) मागणीत असतो, तेव्हा तिथे दुप्पट सावध राहावे.

बोली लावताना हिशेब आधी करावा. प्रीमियम (लिलावघर बोलीवर वरून आकारते ती रक्कम) २० टक्के असेल, तर ५०,००० च्या बोलीवर १०,००० चढतात, करही वेगळा. शंभर वर्षांवरचे नाणे परदेशातल्या नातेवाइकाला परस्पर पाठवणे मात्र १९७२च्या पुरावस्तू कायद्याने गुन्हा ठरते.

– एक नाणेसंग्राहक, पुणे