आधी सालाखालची खूण पाहा, मग अदलाबदल करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे द्या, लाखो रुपये घ्या' अशा संदेशांचा सध्या सुळसुळाट आहे. आधी 'नोंदणी फी', मग 'कर', मग 'रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र' असे करत पैसे उकळले जातात. जुन्या नाण्यानोटांच्या अशा व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलेही शुल्क घेत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केले आहे. ते नाणे २०१२ सालचे, चलनात आलेले स्मारक नाणे. आमच्यापैकी बहुतेकांच्या डब्यात ते जास्तीचेच पडलेले असते.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरोघर चिल्लरचा एखादा डबा असतोच. त्या डब्याने कोणी लखपती होणार नाही, पण त्यातून वर्षावार मालिका मात्र पुऱ्या होऊ शकतात. खिशातून फारसे पैसे न जाता, फक्त अदलाबदलीवर. शहाद्याच्या संग्राहकाला हवे असलेले नाणे चाळीसगावात कोणाकडे चार-चार पडलेले असते; अडते ते एवढ्यावरच की दोघांच्याही याद्या कुठे नोंदलेल्या नसतात. आणि असल्याच, तर निम्म्या चुकीच्या असतात. या चुका नेमक्या कुठे होतात, ते लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

पहिली चूक म्हणजे साल पाहून नाणे 'आहे' म्हणून टाकणे. मालिका साल आणि टांकसाळ अशा दोन्हींनी मोजतात. सालाखाली टांकसाळीची खूण म्हणून मुंबईची चौकट (पत्त्यांतली असते तशी), हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याची खूणच नसते. ऐकायला सोपे आहे. पण झिजलेली चांदणी ठिपक्यासारखी दिसते, चौकटीचे कोपरे गेले की तीही ठिपकाच वाटते, आणि खूण साफ घासली गेली की नाणे 'कोलकात्याचे' ठरते. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर तर चौकटच आहे, मधोमध चिरलेली किंवा आत ठिपका असलेली. ती हमखास मुंबईच्या नावावर चढते. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, म्हणजे त्याआधीच्या सालाखाली ठिपका दिसला तर तो नोएडाचा नव्हे, हे ध्यानात ठेवा. दहापट भिंग घ्या, नाणे खिडकीशी तिरपे धरा. उजेड बाजूने आला की खुणेची कड उठून दिसते. वरून मोबाइलचा फ्लॅश मारला तर स्टीलवर नुसती चमक येते. जिथे शंका राहील, तिथे यादीत 'खूण अस्पष्ट' लिहा आणि ते नाणे अदलाबदलीत देऊ नका.

दोन कणसांचा स्टीलचा रुपया १९९२ ते २००४ पर्यंत निघाला. तेरा वर्षे गुणिले चार टांकसाळी म्हणजे बावन्न, असे रकाने आधीच आखून बसू नका. प्रत्येक टांकसाळीने प्रत्येक साली प्रत्येक नाणे पाडलेले नाही, त्यामुळे कधीच नसलेल्या नाण्याचा शोध वर्षानुवर्षे चालतो. उलट काही खुणा यादीत धरलेल्याच नसतात. १९८५ च्या रुपयावर सालाखाली 'एच' असेल तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेला आहे. १९९९ च्या पाच रुपयांवर मॉस्कोची तीन अक्षरी खूणही सापडते. नेहरूंच्या १९६४ च्या पन्नास पैशांत इंग्रजी मजकुराचे आणि हिंदी मजकुराचे अशी दोन वेगळी नाणी आहेत. एकावर टिक करून मालिका संपली असे समजणारे पुष्कळ भेटतात.

धातूचा घोळ चुंबक आणि वजनकाट्याने मिटतो. १९८३ ते १९९१ चा तांबे-निकेलचा रुपया ६ ग्रॅम, २६ मिलिमीटर; तो चुंबकाला चिकटत नाही. १९९२ पासूनचा दोन कणसांचा स्टीलचा ४.८५ ग्रॅम, २५ मिलिमीटर, चिकटतो. पाच रुपयांचे जुने जाड नाणे ९ ग्रॅमचे, २००७ च्या सुमारास आलेले स्टीलचे ६ ग्रॅमचे. साल झिजून गेले असले तरी निदान कोणत्या गटात बसवायचे ते यावरून कळते. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. जळगावच्या सराफ बाजारात ओळख असेल तर प्रश्नच मिटला. (कमळाच्या पितळी वीस पैशांत सोने असते ही आवई मात्र तिथेही विचारून घ्यावी. नसते.)

आता यादी. न्यूमिस्टा आणि कोलनेक्ट ही दोन संकेतस्थळे बहुतेक संग्राहक वापरतात. न्यूमिस्टावर प्रत्येक नाण्याच्या पानावर साल आणि टांकसाळीची वेगळी ओळ असते. तिथे आपल्याकडे किती नग आहेत, कोणत्या दर्जाचे, आणि त्यातले किती अदलाबदलीला, हे भरायचे. नाण्याचा न्यूमिस्टा क्रमांक आणि क्राउझ या छापील नाणेसूचीतला क्रमांक दोन्ही नोंदवा, कारण समोरचा कोणत्या क्रमांकाने शोधेल ते सांगता येत नाही. शिवाय सगळी यादी स्वतःच्या तक्त्यातही (स्प्रेडशीटमध्ये) ठेवा. संकेतस्थळावर विसंबून राहू नये, आणि तालुक्याच्या गावी ऐन वेळी रेंज जातेच.

या तक्त्यात हमखास घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. साल कधी देवनागरी आकड्यांत, कधी इंग्रजी आकड्यांत टाकले की शोधताना अर्धी नाणी सापडत नाहीत आणि क्रमही लागत नाही. तक्त्यात सरसकट इंग्रजी आकडे वापरा. दुसरे, कोलकात्याला खूण नाही म्हणून तो रकाना रिकामा सोडतात. पुढे तो रिकामा रकाना 'कोलकाता' आहे की 'अजून पाहिलेच नाही', हे भरणाऱ्यालाही आठवत नाही. 'कोल' असे स्पष्ट लिहा. नोएडासाठीही नुसता ठिपका न देता 'नो' लिहा.

दर्जाच्या बाबतीत हात आखडता घ्या. जे वापरलेले आहे ते चलनात न आलेले म्हणून दिले की पाकीट परत येते, संकेतस्थळावर अभिप्रायही वाईट मिळतो, आणि पुढचे चार जण त्या अभिप्रायावरून मागे हटतात. नाणी चिंच, लिंबू, राखुंडी किंवा पितांबरीने घासू नका. घासलेले नाणे भिंगाखाली बारीक रेघोट्यांनी लगेच ओळखू येते, आणि कोणी घेत नाही. ॲल्युमिनियमच्या जुन्या पैशांना आंबट पदार्थाने खड्डे पडतात. मळ फारच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका.

साठवणीत आपल्याकडचा उन्हाळा आडवा येतो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतून उष्णतेने प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य पाझरते आणि तांबे-निकेलच्या नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. भुसावळ-रावेरच्या एप्रिल-मे महिन्यांत तर हे पाहता पाहता होते. दोन इंची पुठ्ठ्याचे, पॉलिएस्टरच्या खिडकीचे होल्डर घ्या. त्यावर मजकूर नाणे घालण्याआधी लिहा. नंतर पेन दाबले तर ओळ नाण्यावर उमटते. होल्डर बंद करणाऱ्या स्टेपलची टोके पक्कडीने चेपा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर चरा पडतो.

पाठवताना होल्डर दोन पुठ्ठ्यांमध्ये चिकटपट्टीने पक्के करा. पाकिटात नाणे खुळखुळले की टपालाच्या छाटणीत पाकीट फाटते. दोन रुपयांची अकरा कोनी नाणी ६ ग्रॅमची, म्हणजे वीस नाणीच १२० ग्रॅम होतात. वरचा पुठ्ठा धरून टपालखर्च आधी काढा. रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यापासून आम्ही स्पीड पोस्टनेच पाठवतो. दोघांपैकी ज्याचे अभिप्राय कमी, त्याने आधी पाठवावे, असा आमच्यातला रिवाज आहे. परदेशी संग्राहकाशी व्यवहार असेल तर त्या देशाचे टपाल नाणी स्वीकारते का ते पाहा. आणि शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे, मग तो साधा पाव आणाही असो, १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. तो देशाबाहेर पाठवायचा नाही.

आपल्याला एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत 'हवी आहेत' आणि 'जास्त आहेत' अशी दोन रकान्यांची छोटी चौकट द्यावी. त्यात नाण्याची दर्शनी किंमत, साल, टांकसाळ आणि दर्जा एवढेच छापावे. किमतीच्या बाता आणि 'लाखोंचे नाणे' अजिबात नको. संपर्क आपल्या कार्यालयामार्फत व्हावा, म्हणजे कोणाचा मोबाइल क्रमांक छापावा लागणार नाही. पहिल्या चौकटीसाठी आमची यादी तयार आहे: स्टीलच्या रुपयात आम्हाला नोएडाची सुरुवातीची वर्षे कमी पडतात, मुंबईची जास्त आहेत.

आपले,
खान्देशातील काही नाणेसंग्राहक
(जळगाव, धुळे, नंदुरबार)