हात आधी तालात येऊ दे

सांगली

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लहान गटातल्या मुलांना शाळा सुरू होताच दुरेघी वही द्यावी असा पालकांचा आग्रह आहे, काही मुले पेन्सिल हातात घेताच रडवेली होतात, आणि गाण्यांत व नाचात वेळ फुकट जातो अशी संस्थेतल्या काहींची समजूत आहे, हे वाचून मन खट्टू झाले. गाण्याचा आणि हालचालींचा अक्षराशी खरोखरच काही संबंध आहे का, असे तू विचारले आहेस. आहे, आणि तो फार जवळचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलाचा हात खांद्याकडून बोटांकडे तयार होत जातो. आधी खांदा स्थिर होतो, मग कोपर, मग मनगट, आणि बोटांच्या बारीक हालचाली सर्वांत शेवटी ताब्यात येतात. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच असतात, पुढे एकेक करून कठीण होत जातात आणि शेवटचे तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास तयार होते. डोळ्यांनी पाहून आकार काढण्याचेही असेच आहे. साधारण 3 वर्षांचे मूल गोल काढू शकते, 4 वर्षांचे अधिकचे चिन्ह काढते, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण 5 वर्षांच्या आसपास जमतो, कारण तिरपी रेघ उभ्या-आडव्या रेघेपेक्षा अवघड असते. आता ‘क’ या एका अक्षरात काय काय आहे ते पाहा: डावीकडचा गोल, मधला काना, उजवीकडे वळून खाली येणारे टोक, आणि वर शिरोरेखा. ज्या मुलाला अजून अधिकचे चिन्ह जमत नाही त्याच्याकडून हे अक्षर दोन रेघांच्या आत बसवून मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडे साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे. पेन्सिल तो मुठीत धरायचा, टोक कागदात रुतवायचा, खांदे कानांपर्यंत चढवायचा आणि जीभ दातांत धरून श्वास रोखायचा. दोन अक्षरे होईतो कागद फाटलेला असायचा. त्याच्या हातातली पेन्सिल आम्ही काढून घेतली आणि रंगाऱ्याचा रुंद ब्रश व पाण्याची बादली दिली. व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर ओल्या ब्रशाने मोठमोठ्या उभ्या रेघा ओढायच्या, आणि मी ढोलकीवर संथ ठेका धरायचा, एवढेच काम. पाण्याची रेघ फरशीवर गडद काळी उमटते आणि थोड्या वेळात वाळून नाहीशी होते. चुकलेले खोडायचे नाही, कोणाला दाखवायचे नाही, म्हणून त्याची धास्ती गेली. ठेक्याबरोबर त्याचा श्वास मोकळा झाला, मग खांदे खाली आले, आणि पुढे पुढे रेघेचा शेवट आणि ठेक्याची थाप एकाच क्षणी पडू लागली. आज तो खडू तीन बोटांत धरतो. पकड सुधारण्यासाठी आम्ही त्याच्या बोटांना एकदाही हात लावला नाही.

हे का घडते, हे तुझ्या सहकाऱ्यांना नीट सांगता आले पाहिजे. अक्षर कागदावर स्थिर दिसत असले तरी लिहिणे ही वेळेत घडणारी हालचाल आहे. तिला सुरुवात, वेग आणि शेवट असतो. नवशिके मूल रेघेच्या प्रत्येक कणावर नजर ठेवून हात पुढे ढकलते, त्यामुळे रेघ थरथरते आणि हात दुखतो. ताल ऐकू येत असला की रेघ कधी सुरू करायची आणि कधी संपवायची हे कान सांगतो, आणि हात ती रेघ एका दमात पुरी करतो. मात्र यासाठी संगीत नुसते मागे वाजत असून चालत नाही. ते हालचालीच्या मापाचे हवे, संथ हवे, आणि शक्य तेव्हा बाईंनी स्वतः गायलेले किंवा वाजवलेले हवे. मोबाइलवरचे गाणे मुलासाठी थांबत नाही. तू मात्र मागे राहिलेल्या मुलाकडे पाहून लय उतरवू शकतेस. गळा गोड नसला तरी अडत नाही. टाळी, टाळ, उलटे पातेले, काहीही पुरते.

सुरुवात अंगणातच कर. लहान गटाला पहिले सत्रभर तरी कागद न दिलेला बरा. भोंडल्यासारखा फेर धरून डावीकडे आणि उजवीकडे फिरणे, झुकून दोन्ही हातांनी जमिनीपासून आकाशापर्यंत उभी रेघ ओढणे, ओढणी किंवा ओला पंचा हातात घेऊन हवेत मोठी वळणे काढणे, दोरीच्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे ठेक्यात चालत जाणे, असे खेळ घे. इंग्रजी 8 आडवा करून हवेत नक्की काढायला लाव, कारण त्यात हात शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जातो. ज्या मुलांना ही मध्यरेषा ओलांडता येत नाही, ती मुले ओळीच्या मध्यावर पेन्सिल या हातातून त्या हातात घेतात, हे तूही पाहिले असशील. मग तीच हालचाल, तेच गाणे, पण फरशीवर पाण्याने. त्यानंतर भिंतीवरच्या फळ्यावर खडूने. मग परातीतल्या रांगोळीत किंवा बारीक रेतीत बोटाने. आपल्या जुन्या शाळांतून धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत असत, त्यामागेही हेच शहाणपण होते. पाटी आणि कागद त्यानंतर. जागा लहान होत जाते, पण ताल तोच राहतो.

युरोपात या विचारावर पद्धतशीर काम झाले आहे. मूळच्या नॉर्वेच्या राग्नहिल्ड औसोरेन यांनी नेदरलँड्समध्ये अशीच एक पद्धत बांधली. तिच्यात मुले संगीतावर आधी सबंध शरीराने हालचाल करतात आणि मग तीच हालचाल मोठ्या पृष्ठभागावर, पुष्कळदा दोन्ही हातांनी एकदम उमटवतात. त्यातून शिकण्यासारखे खूप आहे, पण ती जशीच्या तशी उचलू नये असे माझे मत आहे. तिकडच्या मुलांना पुढे जोडून लिहायची रोमन अक्षरे शिकायची असतात, म्हणून न थांबणारी वेटोळी आणि लाटा त्यांच्या फार उपयोगाच्या. आपल्या देवनागरीत हात वारंवार उचलावा लागतो: गोल काढला, उचलला; काना ओढला, उचलला; मग शिरोरेखा. मोडी लिपीत हात न उचलता झरझर लिहिता येत असे आणि शिरोरेखाही ओळभर आधीच ओढून ठेवत. बाळबोध देवनागरीचे तसे नाही. म्हणून आपल्या मुलांना वाहत्या हालचालीइतकेच थांबणे आणि हात उचलणे शिकवायला हवे.

याचे उत्तर मला केरवा या तालात सापडले, आणि हे तुला सांगण्याची मला फार उत्सुकता होती. केरवा आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा. धा गे न ति, न क धिं न. पाचव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे तालातली रिकामी जागा येते आणि डग्ग्याचा घुमारा तेवढ्यापुरता थांबतो. पहिल्या चार मात्रांत मुलांनी उभी रेघ वरून खाली आणायची, आणि घुमारा थांबला की हात उचलून उरलेल्या चार मात्रांत पुन्हा वर न्यायचा. ‘खाली’ हा शब्द मुलांना सांगावा लागत नाही, त्यांना ती ऐकू येते. गोलासाठी मात्र दादरा हा ताल घ्यावा. त्याच्या सहा मात्रांना झोका आहे. तीन मात्रांत अर्धा गोल उतरतो, तीन मात्रांत वर चढतो. गोल डावीकडे वळूनच उतरू दे, कारण व, ब, क आणि ठ यांतला गोल तसाच वळतो. ही दिशा फेरात आणि फरशीवर पक्की झाली की अक्षरात ती वेगळी शिकवावी लागत नाही.

अक्षरे घेताना मुळाक्षरांचा क्रम बाजूला ठेव आणि वळणाची भावंडे एकत्र घे. ग, म, भ, न ही कान्याची मंडळी आधी. मग व, ब, क. मग ट, ठ, ढ. आणि ड, इ, ह यांची नागमोडी वळणे शेवटी. म्हणण्यासाठी क्रमाची गाणी हवीतच, पण म्हणण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम एकच असण्याचे काही कारण नाही. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नकोस. त्याला शिरोरेखा ढकलत न्यावी लागते, म्हणून त्याचा कागद थोडा उजवीकडे कलता ठेव आणि त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसव, म्हणजे शेजारच्याचे कोपर लागणार नाही.

पालकांच्या सभेत काय बोलावे, याचीही तुला काळजी आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून, कृतीतून शिक्षण सांगितले आहे, हे त्यांना अवश्य सांग. ही कल्पना परकी नाही हेही सांग: ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी परिसरातल्याच साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. पण नुसत्या बोलण्याने पालकांचे समाधान होणार नाही. त्यांनाच व्हरांड्यात बोलाव, हातात ओला ब्रश दे आणि डाव्या हाताने, म्हणजे डावखुऱ्या पालकांना उजव्या हाताने, ‘क’ काढायला सांग. आधी शांततेत आणि मग ठेक्यावर. फरक त्यांच्या हातालाच कळेल. घरचा अभ्यास मागतील त्यांना कणीक मळणे, शेंगा सोलणे, पंचा पिळणे आणि आजीबरोबर रांगोळी घालणे ही कामे लिहून दे.

केरव्याचा ठेका तुला संथ लयीत वाजवून ध्वनिमुद्रित करून पाठवते, पण तो मुलांसमोर लावण्यासाठी नव्हे, तुझ्या हातात बसावा म्हणून. बसला की लहान गटाबरोबर आधी उभी रेघच घे, आणि जी मुले पेन्सिल पाहून रडतात ती ब्रश कसा धरतात ते मला सविस्तर कळव.

ती. काकूंना माझा नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मैत्रीण