नाना शंकरशेट यांचे नाव स्थानकाला लागले, त्यांचा आग्रह शाळेत कधी येणार?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंबई सेंट्रलच्या भुयारी मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव लागले, याचा मुरबाडकर म्हणून मला मनापासून आनंद झाला. नाना आमच्या मुरबाडचे. १० फेब्रुवारी १८०३ रोजी त्यांचा जन्म झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्यामागे ज्या मुंबईकरांची खटपट होती त्यांत नाना पुढे होते. त्यांच्या जन्मगावाला मात्र अजून रेल्वे नाही. तो प्रश्न आपल्या खात्याचा नाही, म्हणून इथे वाढवत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेली बाई आहे आणि मला आपल्याशी बोलायचे आहे ते शाळेबद्दल. नानांनीही आपल्या आयुष्याचा सर्वांत मोठा भाग शाळेलाच दिला.

हे घराणे दैवज्ञ सोनारांचे, मूळ आडनाव मुरकुटे. व्यापारात पिढीजात कमावलेले. १८२२ मध्ये वडील शंकरशेट वारले आणि एकोणिसाव्या वर्षी सगळी पेढी नानांच्या अंगावर आली. अरब आणि अफगाण व्यापारी आपली संपत्ती बँकेत न ठेवता नानांकडे ठेवत, इतका त्यांच्या शब्दाचा भरवसा होता. असा माणूस धंदा सांभाळून, देवळाला देणगी देऊन, सुखात राहिला असता तरी कोणी बोट ठेवले नसते. पण त्याच वर्षी मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढणारी आणि शालेय पुस्तके तयार करवून घेणारी संस्था उभी राहिली. बापू छत्रे तिच्या कामात होते, गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा पाठिंबा होता, आणि नाना तिचे आधारस्तंभ झाले. व्याकरण, गणित, भूगोल मराठीत शिकवायचे तर आधी पुस्तके हवीत आणि मग ती शिकवणारे मास्तर हवेत, इथून सुरुवात होती.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन परत निघाले तेव्हा मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमवला. त्यातून अध्यापनाच्या जागा निर्माण झाल्या आणि पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. पैसा इथल्या शेठ-सावकारांचा आणि नोकरदारांचा, नाव निघून जाणाऱ्या गव्हर्नरचे. त्या देणगीदारांना पाटीवर आपले नाव नसल्याचे वावडे वाटले नाही.

महोदय, मला आपल्यापुढे खरे तर १८४७ सालचा प्रसंग ठेवायचा आहे. १८४० मध्ये सरकारने शिक्षणासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन केले आणि नाना त्याचे सभासद झाले. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांचे म्हणणे असे की सरकारचा पैसा इंग्रजीतून शिकवण्यावर खर्च व्हावा. वरच्या थोड्या लोकांना उत्तम शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा त्यांचा विश्वास. बोर्डात याला विरोध करणारे चौघे होते : कर्नल जर्व्हिस, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि नाना. एक इंग्रज लष्करी इंजिनिअर, एक पारशी, एक मुसलमान आणि एक मराठी सोनार. नानांनी आपले मत लेखी दिले. त्याचा आशय असा : मूठभरांना नव्हे, सगळ्या समाजाला शहाणे करायचे असेल, तर ते ज्ञान लोकांच्या स्वतःच्या भाषेतूनच द्यावे लागेल.

यात नाना इंग्रजीचे शत्रू नव्हते, हे मी मुद्दाम सांगते, कारण आजच्या वादात नेमके तेवढेच निसटते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही इंग्रजी उच्च शिक्षणाची संस्था त्यांच्याच प्रयत्नांची. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंत ते होते. इंग्रजी शिकाच, पण लहान मुलाच्या डोक्यात पहिली समज रुजते ती घरच्या भाषेतून, एवढाच त्यांचा आग्रह. मातृभाषेवरचे त्यांचे प्रेम शाळेपुरते नव्हते. विष्णुदास भावे यांची नाटकमंडळी १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या ज्या नाटकशाळेत खेळ करून गेली, तिची जागा नानांची होती. आणि मुलींना शिकवायला जागा कोण देणार, असा प्रश्न आला तेव्हा स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी या विद्यार्थ्यांच्या संस्थेतल्या तरुणांना त्यांनी आपल्या घरच्या आवारात जागा दिली. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई शाळा चालवत होते तोच हा काळ.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षण खाते सुरू झाले. आज आपण ज्या खात्याचे मंत्री आहात, त्याची मुळे तिथपर्यंत जातात. तोवर तीस वर्षांहून अधिक काळ हा श्रीमंत माणूस बैठकांना बसत होता, अहवाल वाचत होता, न्यायाधीशाशी वाद घालत होता. पैसा अनेकांनी दिला. एवढा वेळ फार थोड्यांनी दिला.

आता आजच्याकडे येते. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने दत्तक शाळा योजना आणली. उद्योगपती, कंपन्या आणि दानशूर व्यक्तींना शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेता येते आणि हवे असल्यास तेवढ्या मुदतीपुरते आपले नाव शाळेला जोडता येते. त्याच महिन्यात कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. देणगीला माझा विरोध नाही. गळके छप्पर कोणी बदलून दिले तर मी त्याचे पाय धरीन. पण पाच वर्षांत पहिलीतले मूल जेमतेम पाचवीत पोचते. त्याच्या शाळेची पाटी तेवढ्यात बदलणार आणि आपुलकीही तेवढ्याच मुदतीची असणार. रंगरंगोटी, संगणक, टीव्ही यांचे फोटो निघतात. मुलाला धडा कळला का, याचा फोटो निघत नाही, म्हणून त्यासाठी देणगीदार मिळणे कठीण.

मुरबाड तालुक्यात टोकावडे, धसईच्या पुढे डोंगराकडे गेलात की ठाकूर आणि कातकरी आदिवासी मुलांच्या वाड्या लागतात. त्या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी आहे. पहिलीत आलेले हुशार पोर महिनोन्महिने गप्प बसते आणि आपण त्याला मंद ठरवतो. वाडीतलीच एखादी शिकलेली मुलगी शेजारी बसून त्याच्या बोलीत समजावू लागली की तेच पोर हात वर करते. हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. नानांनी पेरींसमोर जे मांडले ते मराठीसाठी होते, पण त्यातला न्याय कातकरी मुलालाही तितकाच लागू आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा असेच सांगते, आणि २०२० चे राष्ट्रीय धोरणही तेच म्हणते. अशा वाडीतली शाळा पट कमी म्हणून लांबच्या समूह शाळेत विलीन केली, तर पावसाळ्यात ओढा ओलांडून सात वर्षांची मुलगी जाणार नाही. बस देऊ असे कागदावर लिहिले म्हणून वाडीपर्यंत रस्ता होत नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. दत्तक योजनेतून नाव देण्याची तरतूद काढा आणि मुदत किमान एका मुलाच्या पहिली ते आठवीइतकी करा. देणगीदाराने किंवा त्याच्या जबाबदार माणसाने वर्षातून ठरावीक वेळा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला पालकांसोबत जमिनीवर बसावे, आणि त्याला तिथे मताचा अधिकार नसावा, फक्त ऐकण्याचा असावा. देणगीतला निश्चित वाटा बोलीभाषेतल्या वाचनपुस्तकांसाठी आणि वाडीतल्या मदतनीस मुलींच्या मानधनासाठी राखून ठेवा. आदिवासी आणि डोंगरी भागातल्या कमी पटाच्या शाळांना विलीनीकरणातून वगळा. बोर्ड ऑफ एज्युकेशनमधल्या १८४७ च्या वादाची कागदपत्रे, नानांच्या लेखी मतासह, मराठीत छापून डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्या. शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना रेल्वेचे नाना ठाऊक आहेत, शाळेचे ठाऊक नाहीत.

३१ जुलैला नानांची पुण्यतिथी असते आणि पुतळ्यांना हार पडतात. त्या दिवसाची वाट न पाहता, निदान विलीनीकरणाबाबतचा लेखी निर्णय जूनआधीच वाड्यांपर्यंत पोचावा, कारण जूनमध्ये शाळा उघडतात आणि प्रवेश तेव्हाच ठरतात.

आपली,
मुरबाड तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका