आई-बाबा, सिंक तुंबलं तर आधी मला फोन करा

प्रिय आई-बाबा,

सा. न.

काल रात्री साडेदहाला पुण्यात पोचलो, मुलं खंबाटकीच्या बोगद्याच्या आधीच झोपली होती. चिवड्याचे डबे आणि लोणचं नीट आलं, काही सांडलं नाही.

फोनवर बोलले असते, पण हा विषय काढला की बाबा "हो हो, कळलं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई तू लगेच "जेवलीस का" वर येतेस, म्हणून बसून टाइप करतेय. मोठं होईल थोडं, पण दोघांनी मिळून शेवटपर्यंत वाचा.

सिंक तुंबलं याचं मला काही नाही, १९८८ चं घर आहे, तुंबणारच कधीतरी. मला लागलं ते वेगळंच. आई, तू सतरा दिवस मागच्या नळावर उकिडवं बसून भांडी घासत होतीस, गुडघ्याला पट्टा बांधून, आणि रोज रात्री माझ्याशी अर्धा अर्धा तास बोलताना एका शब्दाने सांगितलं नाहीस. कामाच्या मावशी बोलल्या म्हणून कळलं, नाहीतर मी चार दिवस राहून तशीच परत आले असते. आणि तो खोकला "हवा बदललीय, घसा धरलाय" असा नव्हता हेही मावशींकडूनच कळलं.

बाबा, तुमच्यावर चिडलेली नाहीये, तुम्ही आईचं काम सोपं व्हावं म्हणूनच केलंत. पण काय झालं ते नीट समजून घ्या. सकाळी आईने वास येतो म्हणून सिंकमध्ये ब्लीचिंग पावडर टाकली होती, पाणी हलत नव्हतं त्यामुळे ती तिथेच राहिली, आणि संध्याकाळी तुम्ही फरशी धुवायचं ॲसिड वरून ओतलंत. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो थेट फुफ्फुसात जाऊन जाळतो. थंडी म्हणून खिडकी बंद, स्वयंपाकघर केवढंसं, आणि आई तिथेच ओट्यापाशी उभी. थोडक्यात निभावलं. मला परवा रात्री हे कळल्यापासून नीट झोप नाहीये.

आणि एवढं करून ॲसिडने तुंबलेलं काही सुटत नाही हो. तुंबलं होतं ते तेला-तुपाने, आणि तुपाचा थर ॲसिडला दाद देत नाही. ॲसिड खातं ते आपल्याच घराला. मोरीतल्या शहाबादी फरशीवर जिथे ते सांडलं तिथे फेस आला असेल ना, आता बघा पांढरे खरबरीत डाग पडलेत. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, तो ॲसिडमध्ये विरघळतो. जुन्या लोखंडी पाइपचं आणि सिमेंटच्या जोडाचं पण तेच होतं. म्हणून राहिलेली बाटली मी घरात ठेवली नाही. आणि ती पाइप मोकळा करायची पावडर मिळते दुकानात, ती पण आणू नका. त्यात बहुतेक कॉस्टिक सोडा असतो, तो चरबी कापतो हे खरं, पण पाण्यात पडला की उकळ्या फुटाव्या तसा तापतो, डोळ्यात एक थेंब उडाला तरी दृष्टी जाऊ शकते, आणि पाइप पूर्ण बंद असेल तर ती पावडर खाली बसून दगडासारखी घट्ट होते, मग पाइपच कापावा लागतो.

रविवारी सकाळी तुम्ही दोघं देवळात गेला होतात तेव्हा मी सिंक उघडलं ते सांगते, म्हणजे आत काय होतं ते कळेल. आधी बादलीने पाणी उपसलं, हातमोजे आणि गाडीवरचा चष्मा घातला कारण ॲसिड आत राहिलेलं असणार (प्लंबरला बोलावलंत आणि आधी असं काही ओतलेलं असेल तर त्याला पहिलं हे सांगायचं, नाहीतर त्याच्या तोंडावर उडेल). मग सिंकखाली बादली ठेवून ती पांढरी बाटली असते ना, बॉटल ट्रॅप, तिची खालची वाटी हाताने फिरवली. ती हातानेच निघते, पाना लागत नाही. आधी काळं पाणी भसकन आलं आणि मग एक गोळा वाटीत तसाच चिकटून राहिला. धुण्याच्या साबणाच्या वडीसारखा घट्ट, पांढरट-राखाडी, सुरीने कापला तर कडा तशाच उभ्या. त्यात चहाचा चोथा, मोहरी, कढीपत्त्याची देठं, घासणीच्या तारा, आणि बाबांच्या बीपीच्या गोळीच्या पाकिटाचा चांदीचा तुकडा. पुढचा तो घडीघडीचा लवचिक पाइप काढून उजेडात धरला तर सव्वा इंचाच्या पाइपमधून करंगळी जाईल एवढीच वाट राहिली होती. त्याच्या प्रत्येक घडीत थर साचतो म्हणून मी तो फेकला आणि आतून गुळगुळीत असलेला सरळ पाइप बसवून घेतला.

आता हा गोळा आला कुठून. आई, तू लोणी कढवतेस, बेरीचं पातेलं सिंकमध्ये ठेवतेस आणि वरून कडकडीत पाणी ओततेस. पातेलं लख्ख निघतं, तुला वाटतं तूप गेलं. ते जातं, पण चार हात पुढे जातं. पाइप मागच्या भिंतीतून बाहेर पडतो, तिथे कधी ऊन नसतं, थंडीत तर गारठा, पाणी निवलं की तूप तिथेच पाइपच्या अंगाला धरतं. त्याच्यावर दुसऱ्या दिवशीचा चोथा, त्याच्यावर परातीची कणीक, आणि दिवाळीत चकल्या-करंज्यांचं उरलेलं तळणीचं तेल. कणीक तर डिंकासारखीच, एकदा बसली की सुटत नाही. बाबा, तुम्ही म्हणालात तेल पातळ असतं ते वाहून जातं. तुम्हाला पेपरातलं उदाहरण पटतं म्हणून सांगते, २०१७ साली लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागात गटारात चरबीचा एकच गोळा सापडला होता, २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा, कुदळीने फोडून काढावा लागला. तोही घराघरातल्या सिंकमधून गेलेल्या तेलाचाच, वर टाकाऊ वाइप्स.

उपाय आजीचाच आहे. आठवतंय ना, तूप कढवलं की आजी त्या पातेल्यात गरम भात कालवायची, बेरी-साखर आम्हा पोरांना आणि उरलेलं शिळ्या पोळीने पुसून घ्यायची, पातेलं मोरीत जायच्या आधीच कोरडं व्हायचं. आणि तेव्हा मोरीचं पाणी परसातल्या अळवाला आणि केळीला जायचं, पाइपच नव्हता तर तुंबणार काय. तर आई, तेवढंच कर, तुपाचं-तेलाचं भांडं आधी कागदाने नाहीतर पोळीच्या तुकड्याने पुसायचं आणि मग घासायला. परातीची कणीक वाळू द्यायची आणि हाताने खरवडून कचऱ्यात. चोथा कुंडीत. तळणीचं तेल जुन्या बाटलीत भरून ठेव, मी आले की नेईन, इथे आमच्याकडे वापरलेलं तेल गोळा करतात. सिंकवर मी बारीक भोकांची स्टीलची जाळी ठेवलीय, ती पाणी हळू जातं म्हणून काढून ठेवू नकोस प्लीज, हळू जातंय म्हणजे ती तिचं काम करतेय.

आठवड्यातून एकदा, शनिवार ठरवूया, दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा सिंकमध्ये टाकायचा आणि वरून पातेलंभर गरम पाणी. गरम म्हणजे आंघोळीला काढतो त्याहून जरा जास्त, उकळतं नाही. आपले पाइप आता पीव्हीसीचे आहेत, ते साठ अंशाच्या वर मऊ पडायला लागतात आणि जोड सुटतात, त्यामुळे भाताची पेज, बटाटे उकडलेलं पाणी हेसुद्धा निवल्याशिवाय ओतायचं नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा तो व्हिडिओ बाबांनी पाठवला होता, त्यात फेस छान दिसतो पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात, शेवटी उरतं खारट पाणी, त्याने तुपाचा थर हलत नाही.

आणि तरी तुंबलंच, तर रबरी पंप. एक ऑनलाइन मागवलाय, बुधवारी येईल. रबर बुडेल एवढं पाणी सिंकमध्ये असू द्यायचं, पंप भोकावर घट्ट बसवायचा आणि पंधरा-वीस वेळा जोरात खालीवर, दाबण्यापेक्षा ओढण्यावर जोर. बेसिनला वरच्या बाजूला छोटं भोक आहे ते ओल्या फडक्याने बंद करून मग, नाहीतर सगळी हवा तिथून निघून जाते. बाबा, हे तुम्ही उभ्याने करू शकता. पण सिंकखाली वाकून पाइप उघडायचा नाही, तुमच्या कमरेचं मागच्या वर्षी काय झालं होतं ते आपल्याला तिघांनाही माहितीये. एकदा करून नाही सुटलं की प्लंबरकाकांना फोन, पैसे मी पाठवते, त्यावर चर्चा नको.

बाथरूमचं थोडक्यात सांगते. खाली जाळीखाली नहाणी ट्रॅप आहे, त्यात एक वाटी उलटी बसते, ती बाबांनी पाणी लवकर जावं म्हणून काढून खिडकीत ठेवली होती. त्या वाटीमुळेच तर आत दोन इंच पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. परत बसवलीय. आई, शिकेकाईचा गाळ आणि केस त्यात साचतात, मावशींना सांगितलंय, त्या दर रविवारी वाटी काढून धुतील. तू वाकू नकोस.

आता बाहेरचं. चेंबर उघडल्यावर कळलं की त्या उंबराची मुळं जुन्या चिनी मातीच्या पाइपच्या जोडातून आत शिरलीत, केसांचा झुपका असावा तशी. प्लंबरकाकांनी बांबूच्या कामटीने वाट मोकळी केली पण मुळं परत येणार. आई, औदुंबर तोडायचा नाही हे मला मान्य आहे, तुझी रोजची पूजा तिथे असते. झाड राहील, आपण तेवढा पंधरा फुटांचा पाइप बदलून घेऊ, पीव्हीसीचा, जोड पक्के करून आणि जरा लांबून वळवून. हा खर्च मी आणि दादा अर्धा अर्धा करतोय.

पण सेप्टिक टँकचं मी ऐकून घेणार नाही. बाबा, तुम्ही म्हणालात आत उतरून साफ करणारा माणूस मिळतो, हजार रुपयात करतो. बाबा, तुम्ही आयुष्यात कोणाचं वाईट चिंतलं नाहीत म्हणून सांगते, त्या टाकीत जो वायू साठतो त्याने माणूस दोन श्वासात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसरा पण. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं आत उतरवायला बंदी आहे, करून घेणाऱ्यावर गुन्हा होतो. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली होती, २०२३ मध्ये ती तीस लाख केली, म्हणजे लोक अजून मरतायत. आपल्या घराच्या घाणीत कोणाचा तरी मुलगा उतरलेला मला चालणार नाही, तुम्हालाही चालणार नाही, तुम्हाला फक्त ते तसं कोणी सांगितलं नव्हतं. सक्शनची गाडी मागवायची, ती नळीने ओढून घेते, कोणी आत जात नाही. नगरपालिकेत मी उद्या फोन करून विचारते. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते, आपली शेवटची कधी उपसली ते बाबांच्या वहीत २०१६ सालचं सापडलं.

शेवटचं, वरच्या मजल्यावरचं बाथरूम. आई, तू म्हणालीस तिथे वास येतो, तेही तुंबलंय. मी जाऊन पाहिलं, ते तुंबलेलं नाही. ते कोरडं पडलंय. दादा आणि मी गेल्यापासून तिथे कोणी आंघोळच करत नाही, ट्रॅपमधलं पाणी उडून गेलंय आणि खालचा वास सरळ वर येतोय. बादलीत कोळी होता, खिडकीत दादाचा तो हिरवा साबणाचा डबा अजून तसाच आहे. मी एक तांब्याभर पाणी ओतलं आणि दहा मिनिटं तिथेच उभी राहिले, वास गेला. तुम्ही जिना चढू नका, मावशी झाडायला जातात तेव्हा आठवड्याला एक मग पाणी ओतायला सांगितलंय. नाताळच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन आठ दिवस येतेय, दादाला पण सांगितलंय, आम्ही सगळे वरच राहू, तेवढे दिवस त्यांना ते करावं लागणार नाही.

तुमची
ताई

ता. क. आई, खोकला अजून असेल तर उद्याच डॉक्टरांकडे जा, आणि त्यांना ब्लीचिंग आणि ॲसिडचं सगळं खरं सांग. बाबा, तुम्ही बरोबर जा आणि ती सांगत नसेल तर तुम्ही सांगा.