समुद्र 'कमी' होत नाही, बाळ्या

प्रिय बाळ्या,

तीन महिने उत्तर नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी. गुडघा आहे तिथेच आहे.

तुझं मध्य आशियातल्या अराल समुद्राचं भाषांतर वाचलं आणि राहवेना. मूळ इंग्रजी लेखातल्या 'श्रिंक' आणि 'ड्विंडल' दोघांनाही तू 'कमी होणे' लावून मोकळा झालास. समुद्र कमी झाला? किलोवर मिळत होता का?

'श्रिंक' आकाराचं आहे. ज्याला कडा असतात त्याच्या कडा आत येतात: गरम पाण्यात लोकरीचा स्वेटर, तसा अराल. 1960च्या सुमारास त्याचं क्षेत्रफळ जवळपास 68,000 चौरस किलोमीटर होतं. अमूदर्या आणि सीरदर्या या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे वळवलं, किनारा आत सरकत गेला, 1980च्या दशकाअखेर समुद्राचे दोन तुकडे झाले. इथे 'आक्रसला' लिही. 'ड्विंडल' साठ्याचं आणि संख्येचं, तेही हळूहळू: बचत, पटसंख्या, आशा, अरालची मासळी. तिथे आपलं 'रोडावणे' केव्हाचं दारात उभं आहे, तू त्याला आत घेतलं नाहीस. पाण्याला 'आटणे'. (कापडही मराठीत आटतंच, तिथे माझी वाटणी फसते. सुमीला सांगू नकोस, तिला तेवढंच हवं असतं.)

आता तुझा इंग्रजी सारांश. 'कालव्यांनी पाणी ड्विंडल केलं' हे इंग्रजीत चालत नाही. ते अकर्मक आहे. पाणी स्वतःच ड्विंडल होतं, कोणी करत नाही. करणारा दाखवायचा तर 'रिड्यूस' घे. 'श्रिंक' दोन्हीकडे चालतं, पण 'हॅज श्रँक' काढ. भूतकाळ 'श्रँक', 'हॅज'पुढे 'श्रंक'. 'श्रंकन' विशेषण म्हणून नामाआधी. अमेरिकेत साध्या भूतकाळालाही 'श्रंक' बरेच जण वापरतात, म्हणून एकच काहीतरी धरून चाल.

गिधाडांच्या परिच्छेदात तर कहर केलास. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 मध्ये 99.9 टक्के संपली, मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. (गुरांसाठी त्यावर बंदी आली 2006 साली.) याला 'ड्विंडल' म्हणणं म्हणजे दरोड्याला उसनवारी म्हणणं! 'क्रॅश' लिही. मराठीतही 'रोडावली' नको, 'झपाट्याने संपली' लिही.

आणि 'श्रिंक फ्रॉम' म्हणजे कचरणं. 'अधिकारी सत्य सांगण्यापासून आक्रसले' वाचून मला ते अधिकारी धुतलेल्या बनियनसारखे दिसायला लागले. यावरून अकरावीतल्या 'ओशाळणे'सारखं महिनाभर अबोला धरू नकोस. तेव्हाही मीच बरोबर होतो.

आईंचं मोतीबिंदूचं उरकलं का? रंगाऱ्याला उरलेले पैसे काम झाल्याशिवाय देऊ नकोस. चिनूला पेढे कबूल केलेत ते लक्षात आहे.

गिधाडांचं पान आधी पाठव.

तुझा,
दिन्या